खिशातल्या अक्षता

हसू नका, त्या दिवशी मला दरदरून घाम फुटला होता. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. आमच्या राहुरीच्या शाळेतले सुदाम सर बौद्ध. त्यांच्या बहिणीच्या लग्नाला मी सवयीनं खिशात अक्षता घेऊन गेलो. मंगलाष्टकांच्या जागी म्हणतात त्या मंगलगाथेचं पहिलं कडवं संपलं आणि मी मूठभर नवरीवर टाकल्या. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सगळ्यांच्या हातात फुलं! तिचे वडील उठून थेट माझ्याकडेच आले. म्हटलं, आता काढतात बाहेर.

"गुरुजी," ते म्हणाले, "तांदूळ जेवनात हाय. ही फुलं घ्या."

सगळे हसले, मीही हसलो. पण पंगतीत पानात भात पडला आणि आठवलं. माझ्या लग्नात सुदाम सरांनी प्रत्येक 'सावधान'ला अक्षता टाकल्या होत्या. त्यांना कुणी काही सांगायची गरज पडली नव्हती.