घासलेला शिलालेख

चहा येईपर्यंत एक प्रसंग सांगतो, हसण्यासारखा नाही. देगलूरजवळच्या आमच्या गावात महादेवाच्या मंदिरात एक जुना शिलालेख होता. नांदेडचे एक शास्त्रज्ञ इतिहासावर आणि विज्ञानावर सर्वांना समजतील अशी पुस्तके लिहितात. त्यांनी एका पुस्तकात त्या लेखाविषयी लिहिले आणि गावाला फार अभिमान वाटला. म्हणून ते पुन्हा येणार असल्याचे कळताच आम्ही विश्वस्तांनी तयारी केली.

ते आले. सरपंचांनी हार घालून त्यांना थेट शिलालेखापाशी नेले.

"बघा सर, तेलाचा थर लई चढला होता. मशीन लावून घासून घेतला. आता कसा चमकून राहिला!"

दगडावर एकही अक्षर उरले नव्हते. सर त्यावरून नुसता हात फिरवीत राहिले.

"मजकूर तुमच्या पुस्तकात हायच की," सरपंच म्हणाले.

"पुस्तकात वरच्या चार ओळी आहेत. खालच्या तेलाखाली होत्या. त्या वाचायलाच आज आलो होतो."

मी हात जोडले. "सर, मशीन मी आणवले. देवाची सेवा समजून."

"मग त्या ओळी आता देवालाच विचारा," ते म्हणाले. "त्या वाचलेला तोच एक उरला आहे."