उपटायचं न्हाई

...आन वरनं मलाच म्हनतोय, "दादा, काय बी झालं तरी उपटायचं न्हाई." आता मला सांगा, उपटायचं न्हाई तर शेतकऱ्यानं करायचं काय? आवो, उभा जन्म गेला माजा खुरप्याच्या मागं! चालता चालता हात आपसूक खाली जातो, कुनाच्या बी बांधावर काय उगवल्यालं दिसलं की उपाटलंच. सोयऱ्याच्या अंगनात चा पिता पिता उपाटलंय मी. एकदा तर इहीनबाईच्या दारातली मेंदी उपाटली, आजून बोलत न्हाई बाई माज्यासंगं. असल्या मानसाला उपटू नका म्हनायचं, म्हंजी कुत्र्याला म्हनायचं, भुकू नको, निस्तं बघत बस.

आन ह्ये म्हननारा कोन? माजंच पोरगं, सहादेव. येकुलतं येक. तुमाला सांगतो, आमचं गाव कर्जतच्या खाली, सीनेच्या काठाला. काठाला म्हंजी, काठ हाय, पानी न्हाई. दुष्काळाचं साल, समदा गाव खडी फोडाया गेल्ता, आन आमचं ह्ये पोरगं कोल्हारला गेलं, तितं येका बागाइतदाराकडं काम केलं, आन डोक्यात भलतंच कायतरी घिऊन आलं. काय, तर म्हनं रानासारकं शेत करायचं. म्हनलं, बाबा, शेताचं रान व्हायला काय लागतंय, आमी म्हातारी मेलो की आपसूक हुईल. तर म्हनं तसं न्हाई. मोठ्या झाडाखाली मदलं झाड, मदल्याखाली बारकं, बारक्याच्या बुडाला येल, समदी येकमेकाच्या सावलीला. नांगरायचं न्हाई, खुरपायचं न्हाई, उगडी जमीन पालापाचोळ्यानं झाकायची. आता बगा, दावनीला बैल उपाशी, कडब्याची काडी मिळंना, आन ह्यो पठ्ठ्या पाचोळा आनून जमिनीला पांगरून घालतोय! बैल माज्याकडं बगायचा, मी बैलाकडं. दोगान्ला बी काय कळंना.

पन मी गप बसलो. का बसलो? तर दाराच्या कोपऱ्यात पत्र्याची पेटी हुती म्हनून. सहादेवचीच. कुलूप घातल्याली. त्यो आईला सांगून बसल्याला, की औंदा लावनीपुरती रोपं तयार झाली तर मी हितंच, न्हाई झाली तर मुंबईला, मामाच्या वळखीनं गिरनीत. बनुबाई, म्हंजी आमची मालकीन, येता-जाता त्या पेटीकडं बगायची आन मग माज्याकडं बगायची. बोलली असती तर बरं हुतं, भांडता तरी आलं असतं.

तर हिरीपाशी मांडली रोपवाटिका. नाव झ्याक हाय. मांडल्यालं काय, तर फुटकी मडकी, डालड्याचे डबे, फक्रुद्दीन बागवानाकडच्या मोडक्या टोपल्या. फक्रुद्दीनच टोपल्या द्याया आला आन म्हनला, "गहिनीबापू, म्हातारपनी मोडीचा धंदा काडला का?" म्हनलं, पोराला इचार. त्यात आंबा पेरला, जांभूळ पेरलं, उंबर, सौंदड, शेवगा, हादगा... आन पेरून झालं तसं पोरगं म्हनलं, दादा, मी कलमं बांदाया शिकाया कोल्हारला जातो, पावसाच्या आत येतो, पानी तेवडं घाला. आन यष्टीच्या खिडकीतनं पुन्ना, "उपटायचं न्हाई!"

पानी घाला म्हनं. कुटलं घालू? हिरीच्या तळाला चिखूल. मग बनुबाईनं तोड काडली. माजी आंगूळ रोपांत. हासू नका. लंगोटीवर मी, डालड्याच्या डब्यांच्या मदोमद उभा, ही वरनं तांब्या वतनार आन म्हननार, "अवो, जरा डावीकडं सरका, हादगा कोरडा ऱ्हायलाय." सरकलो. येक पाय आंब्यावर झटकायचा, येक जांभळावर. रस्त्यानं बाया खडीवर निगाल्याल्या, त्या तोंडाला पदर लावून हासायच्या, आन मी म्हातारा आपला शेवग्यावर मुंडी पिळतोय.

बरं, खताचा खड्डा बी पोराच्याच हुकमाचा. घरातला केर, राख, खरकटं, काय बी फेकून द्याचं न्हाई, समदं खड्ड्यात, आन खड्ड्यातलं डब्यात. रेशनची ती परदेशी लाल मिलो जवारी यायची, तिची पोती बी बनुबाई त्याच खड्ड्यावर झटकायची. आन मग उगवलं म्हनता काय! येका डब्यात आंब्याचं येक पान आन त्येच्याभवती धा जातीची जत्रा. माजी बोटं शिवशिवाया लागली. हात पाटीमागं बांदून फिरायचो, तपासनीला आल्याल्या तलाठ्यावानी. शेवटी बनुबाईला इचारलं, अगं, ह्ये रोप हाय का तन हाय? ती म्हनली, "मला काय ठावं? ऱ्हाऊ द्या. पेटी दिसतीया न्हवं?" ऱ्हाऊ दिलं.

त्यात डब्याडब्यात येक लई देखनं निगालं. पान गाजराच्या पाल्यावानी कातरल्यालं, बुडाला गोल पसरल्यालं, मदनं दांडा, वर पांडरी बारकी फुलं, तांदळाच्या कनीवानी. आमी जन्मात बगितल्यालं न्हाई. आन आमी बगितल्यालं न्हाई म्हंजी कोल्हारचंच असनार, असं मी धरलं. पानी कमी पडलं तरी तरारतंय, ऊन लागलं तरी तरारतंय. आंबा मान टाकायचा, ह्ये हासायचं. मी मनात म्हनलं, सहादेवची अक्कल ह्या झाडात हाय खरी. मग त्येच्यावर मी दोनी पाय झटकाया लागलो.

मग आली लगीनसराई. आता तुमाला ठावं हाय, देवकाला पाच झाडांच्या पालव्या लागत्यात, त्याबिगर लगीन उबं ऱ्हात न्हाई. आन गावात पालवी कुटाय? समदी झाडं गुरांसाटी ओरबाडून सोटे केल्याली. हिरवं काय असंल तर आमच्या डालड्याच्या डब्यात! आलं की जो तो. शेजारचा छगन आला, पोराचं लगीन, आंब्याची डहाळी पायजे. आता बोटभर रोपाला डहाळी कुटली? पन देवकाला न्हाई कसं म्हनायचं? देव बगतोय, आन छगन तर त्येच्याहून बारीक बगतोय. दिली. दुसरा आला, उंबर दिला. तिसऱ्याला जांभूळ, सौंदड. पोरानं उपटू नका म्हनून सांगितल्यालं, खुडू नका म्हनून कुटं सांगितल्यालं? रोज सकाळी कोन ना कोन वाजंत्रीवाल्याला घिऊन हजर. ढोल वाजायचा, हळद-कुकू वाह्यचं, आन माज्या आंब्याचा शेंडा घिऊन मिरवत जायचं. मागं निस्त्या काड्या. बनुबाई काड्यांकडं बगायची, मग पेटीकडं, मग माज्याकडं.

आन कुनी खुडलं न्हाई ते काय? त्ये गाजराच्या पानाचं. वाढलं की मग मांडीयेवडं.

शेवटाला आली राहीबाई, वरल्या आळीची. लेकीचं लगीन उंबऱ्यावर, चार पालव्या घावल्या, पाचवी घावंना. जांभळाचा शेवटचा शेंडा आदल्या दिशी गेल्याला. बाई खाली बसली आन रडाया लागली. संगं जोशीबुवा. त्येन्ला मी इचारलं, आता वो? जोशीबुवांनी चष्मा वर केला, समद्या काड्यांवरनं नजर फिरवली, त्या देखन्या झाडापाशी थांबले आन मला म्हनले, "बापू, हे काय आहे?"

आता मी काय सांगू? मी म्हनलं, कोल्हारचं हाय.

"हिरवं आहे ना? मग चालतं."

चाललं. आन काय चाललं म्हनता! वऱ्हाड येळंवर आलं, जेवान पुरून उरलं, आन नवऱ्याचा चुलता, जो पंचक्रोशीतल्या दर लग्नात रुसतो, ज्येच्यासाटी रुसवा काडायला दोन मानसं येगळी न्यावी लागत्यात, त्यो हासत जेवला! झालं. छगननं पारावर बसून निकाल दिला, की ह्यो गुन त्या झाडाचा. दुसऱ्या दिशी दारात जत्रा. बापू, आमाला येक द्या. बापू, थोरलीला मूल न्हाई, आमाला बी द्या. कुनी डब्यासकट न्हेलं, कुनी फुलं पदरात झाडून न्हेली, कुनी तुळशीशेजारी लावलं, कुनी म्हाहेरी धाडलं. मी म्हनलं, सहादेवा, तुजी रोपं लोक मागून न्हेत्यात रं! छाती फुगली माजी. पयल्यांदाच बनुबाई पेटीकडं न बगता माज्याकडं बगून हासली.

पाऊस लागला, पोरगं आलं. यष्टीतनं उतरलं ते पारापाशीच थबकलं. देवळाम्होरं पांडरी फुलं, शाळंम्होरं पांडरी फुलं, राहीबाईच्या दारात तर कमरंयेवडं. घरी आलं तवा तोंड उतरल्यालं. म्हनलं, आरं, बग की, समदी लागली तुजी रोपं! त्येनं डबं बगितलं, काड्या बगितल्या, आन लई हळू आवाजात म्हनलं, "दादा, हे गाजरगवत हाय. तिकडं लोक ह्येच्यापायी कपाळ बडवत्यात. येक फूल झडलं की सगळं शिवार गेलं. अंगाला लागलं की खाज सुटती. हे तुमी का उपाटलं न्हाई?"

आता ह्यात माजी काय चूक? तुमीच सांगा! म्हनलं, तूच म्हनला उपटायचं न्हाई. तर म्हनं, हे न्हाई, हे उपटायचं. म्हनलं, मग रोप कोनचं आन तन कोनचं, हे यष्टीत बसायच्या आदी सांगायचं का न्हाई? त्येनं पेटी उचलली.

उचलली खरी, पन दारातच उबं ऱ्हायलं. गावाकडं बगितलं. सगळं पांडरं. मग म्हनलं, "हे आपल्या घरातनं गेलंय." पेटी खाली ठेवली, कुलूप काडलं, जुनं धोतर आन अंगरखा चढवला आन आड्याला खोचल्यालं माजं खुरपं घेतलं.

तवापासनं उपटतोय. आवो, नांगरायचं न्हाई, खुरपायचं न्हाई म्हननारा गडी दिवसभर लोकांच्या दारात वाकल्याला असतो! उपाटलं की पावसाची सर येती, सर आली की पुन्ना उगवतंय. राहीबाई तर त्येला हातच लावू देईना, म्हनती लेकीचं देवक हाय. संध्याकाळी येतोय, दोनी हात खाजवत येतोय, आन त्याच हातानं नवा आंबा डब्यात लावतोय. मुंबईचं नाव न्हाई. म्हनतो, हे गवत संपल्याबिगर मला गाव सोडता येत न्हाई, दादा.

बरं, आता परवाची गोष्ट. घराच्या मागल्या अंगाला गेलो, तर कुडाच्या आड, कुनाला दिसनार न्हाई असा येक डालड्याचा डबा. त्यात त्ये. चांगलं तरारल्यालं, कळ्या आल्याल्या. माजा हात गेला की खाली! शेंडा धरला बी. आन मागनं बनुबाई.

म्हनलं, बाई, खरं सांग, ह्ये रोप हाय का तन हाय?

तिनं घरात नजर टाकली. कोपऱ्यात पेटी. पेटीत आता तिनं कोंबडी बसवलीया अंड्यावर.

"रोप हाय," म्हनली, आन तांब्या माज्या हातात दिला.

आता काय करनार... घातलं पानी.