धाकट्या जाऊबाईंचं पित्ताशय

—अगं तो फॉर्म नाही, गुलाबी घे, गुलाबी! पांढरा भरलास तर पूर्ण फी लावतील आणि मग बसशील कपाळाला हात लावून. गुलाबी म्हणजे सवलतीचा. घरात माणसं किती, कमावणारे किती, एवढंच विचारतात त्यात. नवऱ्याची पगाराची चिठ्ठी आणलीस? दाखव. हां, चालेल. घरभाड्याची पावतीही जोड, मागितली नसली तरी जोड — कागदाचा गठ्ठा जाड दिसला की खिडकीतल्या बाईला बरं वाटतं. ती बघ, तीन नंबरची, चष्मेवाली. तिच्याकडेच जा. दोन नंबरवाल्याच्या वाटेला जाऊ नको, तो उद्या या म्हणतो. आज आलीस तरी उद्या, उद्या आलीस तरी उद्या. आणि ही खालची ओळ — दुभाषी हवा का — तिथं हो लिही. लिही गं, फुकट असतो! तुला इथली भाषा येते, ठाऊक आहे मला. दुकानात येते. पोटात नेमकं कुठं आणि कसं दुखतं ते सांगायची वेळ आली की पळून जाते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा डॉक्टर विचारेल त्याला मान डोलवत होते, हो म्हणायला आपलं काय जातंय? गेले होते खोकल्यासाठी, परत आले ती डाव्या पायाला पट्टी बांधून.

हसतेस काय? खरं सांगतेय. सरक जरा, बसते. नाही, मी इथं नोकरीला नाही. सगळ्यांना तसंच वाटतं. मी हॉटेलच्या धुलाईखात्यात आहे, चादरींना इस्त्री करते, दिवसाला दोनशे चादरी, मंगळवारी सुट्टी. मंगळवारी येऊन बसते इथं. आपल्याकडचं कुणी दिसलं की सांगते, हा फॉर्म घे, त्या दारानं जा. आमचे हे म्हणतात, तुला कुणी सांगितलंय नसते उद्योग? म्हटलं, तुम्ही सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याची गाडी दुरुस्त होताना तासभर उभं राहून बघता, त्याला काय म्हणायचं? तर काय सांगत होते — विमा आहे ना तुला? नवऱ्याच्या नोकरीतून? वा! आणि कार्ड? आलं? कधी? परवा! म्हणजे कोरं करकरीत. नशीबवान आहेस बाई. माझं आलं तेव्हा मला इथं येऊन सहा वर्षं झाली होती, आणि आमच्या अख्ख्या इमारतीत ते एकच. तरी तू गुलाबी फॉर्म भरच — विमा असला तरी पहिली काही रक्कम आपल्याच खिशातून जाते, ती या फॉर्मनं कमी होते. हे कुणी आपणहून सांगत नाही. विचारलं की मात्र म्हणतात, हो, आहे की!

वय काय तुझं? एकतीस. हं. नाही, सहज विचारलं. पस्तिशीची वाटतेस — रागावू नको, त्या कोटामुळं असेल, केवढा ढगळा घातलायस, नवऱ्याचा का? उंची माझ्याएवढीच आहे, नाही? जरा उभी राहा. बस, बस. सहज गं.

इमारतीत एकच कार्ड म्हटल्यावर काय होणार, तूच सांग. शेजारीण रडत दारात. हात सुजलेला, विमा नाही, दवाखान्यात जायची भीती — कागद विचारतील, नाव लिहून घेतील, मायदेशी परत पाठवतील. म्हटलं, घे माझं कार्ड, त्यावर फोटो नसतो. नाव माझं सांग, जन्मतारीख माझी सांग. गेली, आली, हात बरा! झालं. मग वरच्या मजल्यावरची, मग तिची बहीण, मग बहिणीची सासू. पिठाच्या डब्यामागं ठेवायचे मी ते कार्ड, आणि शेजारी एक चिठ्ठी, कुणी कधी न्यायचं त्याची, म्हणजे एकाच दिवशी दोघी जाऊन मी दोन ठिकाणी दिसायला नको! जायच्या आधी माझ्या स्वयंपाकघरात तालीम व्हायची. मी डॉक्टर. नाव? जन्मतारीख? आईचं नाव? चुकलीस, पुन्हा सांग. अख्ख्या इमारतीला माझी जन्मतारीख पाठ आहे, बाई. घरच्यांना सोडून. वाढदिवस आमच्या ह्यांच्या एकदाही लक्षात राहिला नाही, आणि तिसऱ्या मजल्यावरची दरवर्षी फूल आणून देते.

आणि त्या फाइलीचं काय झालं विचार. माझ्या! मला थायरॉईड झाला आणि चार महिन्यांत गेला. दाढा काढल्या त्या पुढच्या वर्षी परत उगवल्या. एक बाळंतपण झालं माझं, सेहेचाळिसाव्या वर्षी, मुलगी, तीन किलो — मला पत्ता नाही! मी सर्दीसाठी गेले तर नर्स विचारते, बाळ कसंय? म्हटलं, दात आलेत. काय बोलणार? एक डॉक्टर फाइल बघतो, माझ्याकडं बघतो, परत फाइल बघतो. म्हणतो, मागच्या खेपेला तुम्ही चार इंचांनी उंच होता. म्हटलं, डॉक्टर, दिवसभर वाकून इस्त्री करायची म्हणजे होतं असं. त्यानं लिहून घेतलं! देवाशपथ, लिहून घेतलं. कंबरेचा व्यायाम दिला.

हस, हस. मीही हसायचे. आम्ही सगळ्या जमून हसायचो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

थांब जरा — काही नाही. बरगडीखाली चमक येते अधूनमधून. जाते. गेली बघ.

तर माझी धाकटी जाऊ. दिराची बायको. तिचे इथं राहायचे कागद तेव्हा अडकलेले, दिराचं काम सुटलेलं, विमा कुठला? चार वर्षं झाली याला. संध्याकाळी भांडी घासता घासता खाली बसली ती उठेचना. हिरवीपिवळी झाली, घाम, उलट्या, आणि ओरडते ते कसं — मला बाळंतपणात ओरडताना कुणी ऐकलं नाही, पण तिचं ओरडणं अजून कानात आहे. दीर नुसता हात चोळत उभा. मी टॅक्सी बोलावली, मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथं विचारलं, नाव काय पेशंटचं? मी कार्ड पुढं केलं आणि माझं नाव सांगितलं. बोलून गेले, बाई. एका क्षणात. ती माझ्या नावानं भूल घेऊन झोपली आणि मी बाहेर तिच्या नावानं बसले. पहाटे डॉक्टर आला, म्हणाला, पित्ताशय काढलं, खडे होते, तास-दोन तास उशीर झाला असता तर हाती लागली नसती. मी त्याच्या पाया पडायचीच बाकी होते. वाचली ना? मग! त्यात चुकलं काय माझं? नाही, तू सांग.

पुढं वर्षभरानं इथं एका कामाला आले तेव्हा कळलं — तसा जिवावरचा प्रसंग असला की कार्ड नसलं तरी दारातून परत पाठवत नाहीत. आधी उपचार, मग बिल, आणि बिलाला हाच गुलाबी फॉर्म. दुभाष्यासकट. तिच्या स्वतःच्या नावानं झालं असतं सगळं! ही चष्मेवाली सांगत होती आणि माझ्या कानात नुसतं शूं व्हायला लागलं. आम्हांला कुणी सांगितलंच नव्हतं गं. आम्ही एकमेकींना विचारायचो, आणि आम्हां सगळ्यांना मिळून काहीच ठाऊक नव्हतं. म्हणून बसते इथं मंगळवारी. उगाच नाही.

पुन्हा आली. नाही, पाणी नको. पाण्यानं काही होत नाही.

आता ऐक. दोन महिने झाले, हे असं दुखतंय. उजवीकडं बरगडीखाली, मागं खांद्यापर्यंत जातं. जेवले की जास्त. डॉक्टरकडं गेले — माझ्याच, माझ्या नावानं, माझ्या कार्डावर. म्हटलं, पित्ताचं वाटतंय. त्यानं फाइल उघडली, हसला. म्हणाला, बाई, पित्ताशय तर आपण चार वर्षांपूर्वीच काढलंय, आता पित्ताचं कसं असेल? गॅस असेल. गोळ्या दिल्या. परत गेले, परत गोळ्या. मी काय सांगू? की डॉक्टर, ते जाऊबाईंचं होतं, माझं अजून आत आहे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा! शेवटी दूरच्या वस्तीत एका ठिकाणी रोख पैसे मोजून, कुणालाही न सांगता, सोनोग्राफी केली. खडे. सुजलंय. ती तपासणारी पोरगी म्हणाली, बाई, लवकर काढून घ्या, आत फुटलं तर जिवावर बेतेल. खर्च विचारला. आमचे हे आणि मी मिळून तीन वर्षं जेवलो नाही तर होईल तेवढा.

म्हणजे विमा हवा. आणि विम्याच्या कागदावर माझं पित्ताशय नाही. नसलेलं कसं काढणार?

जावेला सांगितलं. आता तिचं सगळं मार्गी लागलंय, दिराला नोकरी, विमा स्वतःचा, कागदांचा निकाल दोन महिन्यांवर आलाय. ऐकून घेतलं तिनं आणि म्हणाली, ताई, माझं नाव मात्र घेऊ नका. बस. एवढंच. दुखतंय का फार, एवढंसुद्धा नाही. गेल्या रविवारपासून फोन उचलत नाही. तिचं पित्ताशय माझ्या नावावर आणि ती माझ्याशी बोलत नाही! राग येतो गं. मग वाटतं, घाबरलीय. मीही घाबरलेच आहे की. आमच्या ह्यांना तर मी काहीच सांगितलं नाहीये, त्यांना वाटतंय मला वजन कमी करायचंय म्हणून जेवत नाही.

तर — आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? सकाळपासून मी दारातून आत येणाऱ्या बायका बघत बसलेय. तू आलीस. माझ्याएवढी उंच, कार्ड परवाचं, फाइल कोरी, त्यात शिंकसुद्धा नसेल नोंदवलेली. एकतीस आणि पन्नास, एवढा फरक मी केस रंगवून काढीन. एकदाच. एकच ऑपरेशन. तुला काय, तू तरुण आहेस, तुला कशाला लागतंय पित्ताशय — म्हणजे कागदावरचं. तुझी जन्मतारीख मी दोन मिनिटांत पाठ करीन, मला सवय आहे. आईचं नाव सांग फक्त.

अशी बघू नको. नाही म्हण. नाही म्हणालीस तरी मी फॉर्म भरून देणारच आहे, तो वेगळा विषय. हे — हे काय करतेस? अगं, मी काही लगेच — थांब, सगळ्यांसमोर काय, कोटाची बटणं कशाला — कार्ड गळ्यातल्या पिशवीत ठेवलंयस होय...

अगं बाई.

कितवा महिना? पाचवा? आणि एवढा वेळ बोलली नाहीस! हां, मीच बोलू दिलं नाही. पहिल्याच तपासणीला आलीस ना, पाचव्या महिन्यात, भीतीनं घरात बसलीस ना इतके दिवस? कळलं. आणि ही पोरगी मला कार्ड देतेय. हातात ठेवतेय. कशाला देतेस? मी कोण तुझी? कुणी चांगलं चार शब्द बोललं म्हणून लगेच द्यायचं? चार महिन्यांनी तुला आत घेऊन जातील, रक्त चढवायची वेळ आली तर फाइल उघडतील, आणि त्यात माझं रक्त असेल, माझी भूल, माझं वय, मला कुठलं औषध चालत नाही ते! बाळ तुझं आणि कागद एका म्हातारीचे! माझं ठीक आहे, माझ्या फाइलीत अर्धी इमारत राहते, पण तुझी कोरी आहे. धर. धर म्हणते ना! घाल आत, बटणं लाव आणि रडू नको, रडायला मी आहे.

कुठला नंबर म्हणाली चष्मेवाली? सत्तेचाळीस? माझाच. हो, घेतला होता मी नंबर, दर मंगळवारी घेते, आणि पुकारला की उठून बाहेर जाते.

काय करतील? विमा काढून घेतील. दंड करतील. ओरडतील. कार्ड दिलं मी, हे सांगीन. कुणाला दिलं ते आठवत नाही म्हणेन, इमारत मोठी आहे, शोधा म्हणावं. जावेचं नाव नाही घ्यायची. पण माझं पित्ताशय माझ्या पोटात आहे, एवढं तरी त्यांना दाखवता येईल. आणि मग एक गुलाबी फॉर्म मागेन — नाही, तो तुझा, तुझा तूच ठेव, तिच्याकडं आहेत ढीगभर.

आले, आले! एक मिनिट, चष्मेवाल्या बाई, आले!

आता तू कुठं निघालीस माझ्यामागं? त्या दारानं जा, तुझी नर्स तिकडं आहे. सोबत नको मला. जा म्हणते ना! ओळखीचं कुणी ऐकत असलं की मला खोटंच सुचतं.