हब आवळू नका, मिस्त्री

थांबा, थांबा मिस्त्री, तो नट इतक्यात आवळू नका — आधी बसा, पाणी प्या — अहो, त्या ठोकळ्यावर नको, तो चाकाखाली लावायचाय, या पेटीवर बसा. एवढी घाई कसली? हिने फोन केला म्हणून काय लगेच यायचं असतं? मागे पंप बिघडला तेव्हा बारा दिवस लावलेत, आणि आज फोन ठेवायच्या आत दारात हजर! आता पुढचं उजवं चाक डुलतंय, मान्य. हातानं हलवलं की खडखड वाजतं, हब सैल झालाय, तेही मान्य. ट्रॅक्टर म्हातारा आहे हो, माझ्याहून थोडाच लहान. या वयात काहीतरी सैल व्हायचंच, माझे दात नाही का झाले?

आणि तसं त्यात आहे काय? चाक जॅकवर उचलायचं, नट पूर्ण आवळायचा, मग पाव फेरा मागे घ्यायचा, चाक फिरवून बघायचं, पिन घालायची, झालं. वीस मिनिटं. ग्रीस हाताशी असेल तर सतरा. मला कसं माहीत? बघून बघून. कोणाचं बघून म्हणजे — अहो, मीच करतो ना! रोज करतो. आता रोज आवळायचा म्हणजे आधी रोज सैल असायला हवा, तर तेवढ्यासाठी मी — असे बघू नका माझ्याकडे. सांगतो. पण हिच्यापर्यंत जाता कामा नये.

आमचा मेहुणा आहे ना, हिचा धाकटा भाऊ, तो सहा वर्षांपूर्वी आठ दिवसांसाठी आला. पित्ताशयातले खडे काढले होते, म्हटलं घेऊ दे विश्रांती. अजून घेतोय. खडे बाटलीत ठेवलेत, सात आहेत, प्रत्येकाचा वेगळा इतिहास आहे. जेवण झालं, माझे हात वाळले नाहीत तोच, "दाजी, भूल देतानाची गंमत सांगितली का तुम्हाला?" सांगितलीस रे बाबा, कालही सांगितलीस! पण तो थांबतोय कसला — डॉक्टर काय म्हणाले, नर्स काय म्हणाली, शेजारच्या खाटेवरचा कसा घोरत होता, तेही घोरून दाखवतो. भूल त्याला एकदाच दिली हो, आम्ही सहा वर्षं शुद्धीवर राहून ऐकतोय.

तर एक दिवस हा हब खरोखर सैल झाला. मी म्हटलं, जरा चाक बघून येतो. इथे शेडमध्ये आलो, दार लावलं — आणि शांतता! तासभर नुसता चाकाकडे बघत बसलो, काय सांगू, डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी बघतो तर चाक घट्ट. आदल्या दिवशी निघताना मीच आवळलेलं, कोणाला बोलणार? मग उचलला पाना. तेव्हापासून दुपारी सैल करतो, संध्याकाळी आवळतो, अगदी नियमानं. आज आवळायच्या आत तुम्ही आलात.

उठलात कशाला? पाना शोधताय? पेटीत नाही, पेटी उघडू न — उघडलीत. ती उशी आहे. खाली झोपून काम करताना मानेला लागते. ती बिस्किटं. तो पंखा. तुम्ही हसा, पण मिस्त्री, हात जोडतो, हिला सांगा की भाग मिळत नाही, कारखाना बंद पडला, काहीही सांगा. हे चाक कायमचं घट्ट झालं तर मी दुपारी जाऊ कुठे?

काय? पुन्हा बोला. आवळायला नाही बोलावलं? मग? सैल कसा करायचा ते शिकवायला? कोणाला — हिला? म्हणजे हिला सगळं... आणि सकाळची पाळी हिला हवी आहे?

बरोबरच आहे. मी इथे दार लावून बसतो तेव्हा तिथे कोण ऐकतं? हीच. एकटी. सख्खा भाऊ, गप्प बस म्हणवत नसणार. सहा वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नाही हो. लाज वाटते मला, खरंच लाज वाटते.

ही बघा, आलीच. ये गं, ये, अशी सावलीत बस. मिस्त्री दाखवतील, अवघड काही नाही. उद्याचं उद्या बघू, आज दुपारही तुझीच. मी ना? मी घरात जातो, तो एकटाच बसलाय. नाही, नाही, अडवू नकोस, जेवताना नर्सपर्यंत आला होता, पुढचं मी ऐकतो.

आणि मिस्त्री, भराभर शिकवू नका हं. संध्याकाळपर्यंत पुरवा. दार आतून लावून घ्या.