सलाईनच्या मिठातला केस

कलपाची पुडी मुठीत धरून मास्तर सलूनच्या बाकावर नंबराची वाट बघत होते. खुर्चीतला माणूस न्हाव्याला म्हणाला,

"आज कलप नको. गोटाच करून टाक."

"का हो साहेब?"

"कारखान्यात मी सलाईनचं मीठ तपासतो. परवा नमुन्यात केस सापडला. सगळा माल अडवला."

"एका केसासाठी?"

"अरे, ते माणसाच्या रक्तात जातं. सगळ्यांना रांगेत उभं करून तासभर झापलं. मग केस भिंगाखाली धरला. शेंडा काळाभोर, मूळ पांढरं."

"अरेरे."

"बारा वर्षं कलप लावतोय, कुणाला पत्ता नाही, असं मला वाटायचं. पॅकिंगवाली बाई म्हणाली, 'साहेब, भिंग कशाला? आधी आम्हाला विचारायचं.'"

"पण डोक्याला टोपी असते ना?"

"असते की. पुढची बट तेवढी मी बाहेर काढायचो. जरा बरा दिसतो."

"अहवालात काय लिहिलंत?"

"केस तपासनिसाचा. रंगवलेला."

मशीन फिरलं. थोड्या वेळाने न्हाव्याने खुर्ची झटकली.

"या मास्तर. नेहमीचंच ना, कलप?"

मास्तरांनी पुडी खिशात सारली.

"छे. मी कधी लावतो कलप? दाढी कर."