शहाडच्या म्हशीचं बीजगणित

(कल्याणमधली एक पॅथॉलॉजी लॅब. सकाळ. उपाशीपोटीचं रक्त देऊन झालंय, खाल्ल्यावर पुन्हा द्यायचंय. बाहेरच्या बाकावर सून रचना आणि सासरे शिवराम. रक्त घेणारी स्वप्ना मधून मधून दारात येते.)

शिवराम : सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून आजवर बोललो नव्हतो. तुझ्या पोरीला बीजगणित कुणी शिकवलं विचारतेस ना? कुणीच नाही. उलट तिनेच शिकवलं. शहाडला, नदीवर, एका म्हशीला.

रचना : बाबा, कापूस दाबून धरायला सांगितलंय मला. हसवू नका.

शिवराम : यात हसण्यासारखं काय आहे?

रचना : मी साधं विचारलं तुम्हाला. वर्गसमीकरण म्हटलं की संचिताचं डोकं दुखायला लागायचं. पडदे ओढ, पंखा बंद कर, मम्मी हळू बोल. आणि काल मी कुकर लावून बाहेर येईपर्यंत हिची सगळी गणितं सोडवून झालेली. वर शीळ घालत होती. आपली संचिता, शीळ घालत होती.

शिवराम : शीळ तिला बगळ्यांनी शिकवली.

रचना : बगळे शीळ घालत नाहीत.

शिवराम : शहाडचे घालतात. बरं, ते राहू दे. मंगळवार-शुक्रवार मी तिला टिटवाळ्याहून घेऊन निघतो, ते कशाला?

रचना : पक्ष्यांच्या प्रोजेक्टला. तुम्हीच सांगितलेलं.

शिवराम : पक्षी होतेच. पण पक्षी चंचल जात, टिकून बसत नाही. म्हैस बसते. तिथे गोदाबाई म्हणून एक आहेत, त्यांची म्हैस पुलाजवळ पाण्यात पडून असते. संचूने पुस्तक काढलं, एक उदाहरण मोठ्याने वाचलं आणि सोडवलं. चुकलं. त्याबरोबर म्हशीने डोकं पाण्याखाली घातलं. पोरीने पुन्हा सोडवलं, तरी चुकलं, म्हैस बाहेर यायला तयार नाही. मला काळजी वाटायला लागली, एवढा वेळ श्वास कसा धरते म्हणून. तिसऱ्यांदा उत्तर बरोबर आलं आणि म्हैस फुर्र करून वर आली.

स्वप्ना : काका, सही में?

शिवराम : बघ. शिकल्या-सवरल्या माणसाला पटतं.

स्वप्ना : पटलं नाय मला. मी फक्त ऐकतेय, सकाळपासून इथे सगळे तोंड पाडूनच येतात. मॅडम, नाश्ता झाला की मला सांगा, मग पुढचं टायमिंग बघू. आणि काका, तुमचं पण रक्त घ्यायचंय ना? लिस्टमध्ये तुमचं नावच नाय दिसत.

शिवराम : माझं राहू दे गं. माझं रक्त जुनं आहे, तुमच्या मशीनला झेपायचं नाही.

रचना : एक मिनिट. नाव नाही म्हणजे? तुमची तपासणी म्हणून आलोय ना आपण? मीही सोबत देऊन टाकते, एवढंच ठरलेलं.

शिवराम : तू आधी डबा उघड. पोळी गार होतेय.

रचना : घरी गेल्यावर बोलते मी याच्यावर.

शिवराम : तर गोदाबाई मला बाजूला घेऊन विचारायला लागल्या की ही मुलगी कुठल्या शाळेची. मी सांगितलं, घरी शिकते, ओपन बोर्डाची परीक्षा देणार आहे, आई शिकवते. त्या म्हणाल्या, दुधाला साय वाढलीय, माझ्या उरलेल्या दोन म्हशींनाही वर्गात बसवून घेईल का? बसवल्या. एक पास झाली. दुसरीचं लक्ष नसतं, ती सारखी रस्त्याकडे बघते.

रचना : आणि संचिता त्यांना शिकवते.

शिवराम : हसत हसत.

रचना : हसत हसत?

शिवराम : पोट धरून हसते पोर. मलाच गप्प करावं लागतं तिला.

रचना : म्हणजे म्हशीसमोर पोट धरून हसते. माझ्यासमोर नऊ ते एक बसते तेव्हा तोंड असं, जशी दात उपटून घ्यायला आलीये. मी विनोद केला की म्हणते, मॅडम, हे परीक्षेला आहे का?

शिवराम : मॅडम म्हणायचा नियम तिने नाही केला.

रचना : मी केला. आणि बरोबर केला. नाहीतर एका ओळीत तीनदा मम्मी भूक लागली, मम्मी पाय दुखतो. म्हणून नऊला मी ऑफिसचा ड्रेस घालते, ओढणीला पिन लावते. गाऊनवर शिकवलं तर तिला अभ्यास वाटत नाही आणि मला पण वाटत नाही.

शिवराम : माझी तक्रार नाही गं. पण त्या दिवशी कुरियरवाला आला, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, मॅडम, बाहेर कुणी आलंय. बाथरूमला जायचं तरी मी तुझ्याकडे बघून जातो.

रचना : बोला, बोला तुम्ही. म्हशीशी भांडायची वेळ आणलीत माझ्यावर, तेही उपाशीपोटी.

शिवराम : आता खाल्लंस ना.

रचना : खाल्लं. आता डोकं पण चालायला लागलंय. मला एवढंच सांगा बाबा, तुमच्या त्या म्हशीला सागरवेणी घालता येते का?

शिवराम : कसली वेणी?

रचना : शुक्रवारी घरातून निघाली तेव्हा केसांना नुसतं रबर होतं. परत आली ती कपाळापासून खालपर्यंत सागरवेणी. एक केस इकडचा तिकडे नाही.

शिवराम : ती होय. गोदाबाईंनी घातली.

रचना : शेणाच्या हाताने?

शिवराम : धुतले होते. नदीच आहे समोर.

रचना : आपल्या नात्यात तसली वेणी घालणारी एकच बाई आहे, आणि ती डोंबिवलीला राहते. माझ्या लग्नात माझी पण तिनेच घातलेली. एवढी घट्ट ओढली की हार घालताना माझ्या डोळ्यांतून पाणी. लोकांना वाटलं, सासरी जायचं म्हणून रडतेय.

शिवराम : खाली जिलेबी गरम दिसते. आणू?

रचना : शुगर तपासायला आलोय आपण. प्रीतीकडे नेता ना तिला तुम्ही? पक्षी नाही, प्रोजेक्ट नाही. तुमच्या लेकीकडे नेता.

शिवराम : एकदा नदीवर पण गेलो होतो.

रचना : कधीपासून?

शिवराम : दिवाळी झाली आणि...

रचना : तुमच्या लेकाला, सिद्धेशला, माहितीये?

शिवराम : नाही. त्याच्या पोटात काही राहत नाही. तुला जेवायच्या आधी कळलं असतं.

स्वप्ना : म्हणजे म्हैस नव्हतीच काका?

शिवराम : म्हैस आहे. तिचं गणित जरा मी वाढवलं.

रचना : प्रीती क्लासमध्ये पोरांना शिकवते, तर तिला जमणारच. तिच्या घरी आवाज नाही, एसी आहे, काचेला जाड पडदे. आणि आत्या म्हटल्यावर लाड. ती कधी रागवणार? तिला कुठे हिची परीक्षा, हिचं वजन, हिची झोप बघायचीय? दोन तास हसायचं, खाऊ द्यायचा आणि पाठवून द्यायचं. तसं मी पण शिकवेन कुणाच्याही पोरीला.

शिवराम : प्रीतीने स्वतःहून काही केलं नाही.

रचना : तिची बाजू तुम्ही घेणारच. मला गणिताचं काही नाही बाबा, खरंच नाही. गणित तिने शिकवलं, ठीक आहे. पण दोन वर्षं संचिता मला केसाला हात लावू देत नाही. कंगवा टेकला तरी डोकं धरते. त्या अर्धशिशीपायी शाळा सोडवली, मी नोकरी सोडली. तेल लावू का विचारलं तर म्हणते, नको, तुझा हात जड आहे. आणि तिथे तिने खाली बसून, मान वाकवून, तेवढी घट्ट वेणी घालून घेतली. तिचा हात नाही जड?

शिवराम : दुखलंच असेल गं. आत्याला सांगितलं नसेल.

रचना : तेच म्हणतेय मी. दुखलं की मला सांगायचं. हसायला तिच्याकडे जायचं.

शिवराम : तसं नाही गं ते.

रचना : उद्यापासून बंद. ठरलं माझं. डोंबिवली बंद, नदी बंद. परीक्षा जवळ आलीये, माझ्या टेबलावर बसेल आणि मी शिकवेन तसंच शिकेल. तुम्ही मध्ये पडू नका.

शिवराम : नाही पडत. पण ती का गेली, एवढं ऐकून घे. यात म्हैस नाही.

रचना : बोला.

शिवराम : मागे तू शिकवता शिकवता टेबलाखाली गेली होतीस. म्हणालीस, पेनाचं टोपण पडलंय.

रचना : पडलं होतं.

शिवराम : टोपण पेनाला होतं. पोरीने पाहिलं. तू खाली बसून टेबलाचा पाय धरला होतास, मान घामाने भिजली होती. ती काही बोलली नाही, कारण साडेबारा वाजले होते आणि तू मॅडम होतीस. दुपारी माझ्याकडे गॅलरीत आली. मला विचारते, आजोबा, गणिताने बीपी वाढतं का? मी म्हटलं, मला शाळेत असताना वाढायचं. तिला हसू आलं नाही. म्हणाली, माझी गणितं सुरू झाली की मम्मी गोळी विसरते, नाश्ता विसरते, माझं चुकलं की तिचा चेहरा लाल होतो. गणित दुसरीकडे शिकले तर तिला तेवढा वेळ आडवं पडता येईल.

रचना : म्हणून तुमच्याबरोबर निघताना मला सांगून जाते, मम्मी झोप.

शिवराम : तू झोपतेस का?

रचना : तिच्या दुसऱ्या दिवशीच्या धड्याची तयारी करते.

शिवराम : घ्या. आत्याचं नाव तिनेच काढलं. तुला सांगायचं नाही, असं मला बजावलं. म्हणाली, मम्मी म्हणेल मला काही झालेलं नाही.

रचना : मला काही झालेलं नाहीये.

स्वप्ना : मॅडम, सॉरी हां, पण सकाळी सुई लावली तेव्हा तुमचा हात थरथरत होता. उपाशी होता म्हणून असेल. डॉक्टरांना सांगा पण.

रचना : आज मला इथे आणायचं कुणी ठरवलं? तिने?

शिवराम : तिने. मी फक्त माझ्या तब्येतीचं नाटक केलं. चांगलं वठलं म्हणे, रात्रभर कण्हलो.

रचना : आणि मी तुमच्यासाठी दोनदा उठून पाणी गरम केलं.

शिवराम : त्याबद्दल आभार. पाणी छान होतं.

स्वप्ना : चला मॅडम, बोलता बोलता नाश्त्याला दोन तास झाले. दुसरा हात द्या आता.

रचना : येते गं, एक मिनिट थांब. बाबा, गणितापुरतं जाऊ दे तिला. गणितापुरतंच. प्रीतीला सांगा, वेणी घालायची नाही. मी नाही सांगणार, तुम्ही सांगा.

शिवराम : सांगतो.

रचना : आणि ती तिथे काय बोलते माझ्याबद्दल? तुम्ही तिथेच बसलेले असता ना? मॅडमची नक्कल करते?

शिवराम : एकदा केली. ओढणीची पिन लावून दाखवली.

रचना : वाटलंच मला. प्रीती हसली असेल.

शिवराम : हसली. पण मग ती म्हणाली, तुझ्या आईला आता सांगून टाकू या, असं चोरून येणं बरं नाही. त्यावर पोर गंभीर झाली. काय बोलली ते तुला सांगणार नव्हतो, पण आता विचारतेसच तर ऐक. म्हणाली, आत्या, तू गणित छान शिकवतेस, पण माझं डोकं फुटायला येतं तेव्हा पडदे लावून माझ्याबरोबर अंधारात तीच बसते. ऑफिसात तिला विचारल्याशिवाय कुणाचं पान हलायचं नाही, ती बाई सगळं सोडून माझ्यासमोर पाढे म्हणत बसली. आणि या घरात कुणी तिला एका शब्दाने बरं म्हटलं नाही. आजोबांनीसुद्धा नाही. ते आपले गोष्टी सांगत बसले, कारण सरळ बोलायला त्यांना जमत नाही. इतक्या वर्षांत पुष्कळ माणसं पाहिली आत्या, पण एवढ्या धीराचं माणूस या घरात दुसरं आलं नाही.

रचना : बाबा, हे संचिता नाही बोलली. हे तुम्ही बोललात.