थंड हवेतला माहा वाटा

पंखा बंद नका करू, त्याचीच गोष्ट सांगतो. थंड हवेच्या ठिकाणी, हॉटेलात दरवर्षी एक आठवडा राहाचा हक्क मी विकत घेतलता. एजंट म्हणे, "काकाजी, सामाईक विहिरीतल्या पाण्याच्या पाळीसारखंच आहे. पाहिजे तवा विका, भाव वाढूनच भेटन."

विहिरीचं नाव काढलं अन् मी फसलो! आठवडा दिला तो ऐन पेरणीतला. वावर सोडून कोण जाते? विकाले गेलो तं तोच एजंट म्हणते, "असं जुनं कोण घेते, काकाजी?"

डोकंच सणकलं माहं. म्हटलं, "अबे, आटलेली विहीर घेणारा निदान दगडं तरी काढून नेते. मी काय नेऊ?"

मंग त्याच्या टेबलावरचा हाच पंखा वायरीसकट उपटला अन् वडनेरची एसटी धरली. थंड हवेचे पैसे भरलते मी!